फाइल ‘उघडणे’ म्हणजे नेमके काय करणे?

शाळेतील कोणत्याही संगणकावर करता येईल असा एक छोटा प्रयोग आधी करू. नोटपॅड उघडा आणि त्यात एकच ओळ टंकित करा : ००७, मग स्वल्पविराम, मग ३-४, मग पुन्हा स्वल्पविराम आणि शेवटी १२३४५६७८९०१२३४५६७८ ही अठरा अंकी संख्या. (आकडे मात्र इंग्रजी कळफलकावरचे घ्या.) ही फाइल साठवताना प्रकाराच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन सीएसव्ही ही अक्षरे लिहा. आता त्या फाइलीवर नेहमीसारखे डबल क्लिक करा.

संगणकावर एक्सेल असेल तर फाइल एक्सेलमध्ये उघडेल, पण आपण लिहिलेली ओळ तिच्यात दिसणार नाही. ००७ चे ७ झालेले असतील. ३-४ च्या जागी, संगणकावर भारतीय पद्धतीची तारीख ठरवलेली असल्यास, ३ एप्रिल दिसेल. अठरा अंकी संख्या दशमान घातांकाच्या रूपात आखडून बसलेली असेल आणि तिच्यावर टिचकी मारून पाहिले तर शेवटचे तीन अंक शून्य झालेले आढळतील, कारण एक्सेल कोणतीही संख्या पंधरा सार्थ अंकांपर्यंतच जपते. अजून डिस्कवरची मूळ फाइल शाबूत आहे. पण आता ‘सेव्ह’ केले, की जे पडद्यावर दिसते तेच फाइलीत लिहिले जाते आणि मूळ ओळ कायमची जाते. एक्सेलच्या काही नव्या आवृत्त्या असे रूपांतर करण्यापूर्वी विचारतात. २०२३ सालापासून ते बंद ठेवण्याची सोयही आली आहे, पण ती आपण होऊन शोधून निवडावी लागते.

हजेरी क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, बँक खात्याचे क्रमांक, विद्यार्थ्यांचे ओळखक्रमांक अशा कितीतरी याद्या आज सीएसव्ही फाइलींतून इकडून तिकडे जात असतात. त्यांतील क्रमांक कुणी बदलत नाही. कुणीतरी ती फाइल फक्त ‘उघडून पाहते’ आणि सवयीने ‘सेव्ह’ करते. जीवशास्त्रज्ञांना या सवयीची झळ चांगलीच बसली. माणसाच्या काही जनुकांची नावे ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या इमानेइतबारे तारखा करून टाकी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलींत जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली : ‘मार्च१’ चे ‘मार्चएफ१’ झाले आणि ‘सेप्ट२’ चे ‘सेप्टिन२’. प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकांना नवे नाव देणे सोपे ठरले, हे आम्हांला आजही थोडे गमतीचे वाटते.

आता प्रश्न असा, की सीएसव्ही फाइल एक्सेलनेच उघडायची, हे ठरवले कुणी? आपण तर नाही. फाइलीच्या आतही तसे काही लिहिलेले नाही. आत आहेत फक्त आकडे आणि स्वल्पविराम. हा निर्णय विंडोज या कार्यप्रणालीने घेतला आणि तोही केवळ फाइलीच्या नावाचे शेपूट पाहून. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण शेपूटच म्हणू. त्याच फाइलीचे शेपूट बदलून टीएक्सटी करा : फाइलीचे चित्र बदलेल, डबल क्लिक केल्यावर नोटपॅड उघडेल आणि ००७ जसेच्या तसे दिसेल. फाइलीतला एक बाइटही बदललेला नसेल. (शेपटे दिसतच नसतील तर आधी ती दिसू द्यावी लागतील. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतील ‘शो’ खाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ या ओळीवर खूण करा. शाळेच्या प्रत्येक संगणकावर ती खूण केलेली असावी असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच.)

विंडोज हे कसे ठरवते, ते समजून घ्यायला मराठी व्याकरणाचा तास उपयोगी पडेल. ‘रामाने रावणाला बाणाने मारले’ या वाक्यात रावण हे कर्म, बाण हे करण आणि ‘मारले’ हे क्रियापद. संगणकापुढे बसलेला वापरणारा हा कर्ता, फाइल हे कर्म आणि प्रोग्रॅम हे करण. उरले क्रियापद. उघडणे, छापणे, संपादित करणे, चालवणे ही क्रियापदे म्हणजेच माउसची उजवी कळ दाबल्यावर येणाऱ्या यादीतील बऱ्याचशा ओळी. ही उपमा आमची नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक लिखाणातही या ओळींना क्रियापद याच अर्थाचा शब्द आहे. फाइलींच्या प्रत्येक प्रकारासाठी विंडोजकडे क्रियापदांची एक यादी असते आणि प्रत्येक क्रियापदापुढे कोणता प्रोग्रॅम सुरू करायचा त्याची आज्ञा लिहिलेली असते. यादीतील एक क्रियापद मुख्य मानलेले असते. डबल क्लिक म्हणजे ‘मुख्य क्रियापद वापर’ एवढेच. उजवी कळ म्हणजे ‘क्रियापद मी निवडतो’.

वरवर हा फरक सोयीचा वाटतो, पण काही फाइलींच्या बाबतीत तो फार मोलाचा आहे. पायथॉन भाषेतला प्रोग्रॅम असलेली फाइल घ्या. पायथॉन बसवलेल्या संगणकावर सहसा अशा फाइलीचे मुख्य क्रियापद ‘चालवणे’ हे असते. विद्यार्थी डबल क्लिक करतो, एक काळी खिडकी क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. त्याला वाटते फाइल बिघडली. वास्तविक प्रोग्रॅम सुरू झाला, संपला आणि खिडकी मिटली. विद्यार्थ्याला फाइल वाचायची होती. संगणकाने ती चालवली.

याच गोंधळावर ४ मे २००० रोजी एक संगणकविषाणू जगभर पसरला. फिलिपिन्समधून निघालेल्या त्या ई-मेलसोबत प्रेमपत्र असल्याची बतावणी करणारी फाइल होती. तिच्या नावात टीएक्सटी हे निरुपद्रवी शेपूट दिसत होते, पण त्याच्यापुढे व्हीबीएस हे खरे शेपूट होते आणि ओळखीची शेपटे लपवण्याच्या विंडोजच्या रीतीमुळे तेच अनेकांना दिसत नव्हते. लोकांना वाटले आपण पत्र वाचतो आहोत. व्हीबीएस प्रकाराचे मुख्य क्रियापद होते ‘चालवणे’. ती आज्ञावली चालली, तिने डिस्कवरच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहिली आणि पत्त्यांच्या वहीतील सर्वांना स्वतःला पाठवून दिले. हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली असती तर ती केवळ मजकूर होती : काही पाने भरतील इतक्या ओळी, वाचता येण्याजोग्या आणि काहीही न करणाऱ्या.

तेव्हा यादीत एक असे क्रियापद असावे, की जे कोणत्याही फाइलीला लागू पडेल आणि तिला फक्त मजकूर म्हणून दाखवेल, ही इच्छा स्वाभाविक आहे. ते आपण स्वतः घालू शकतो. त्यासाठी नोटपॅडही चालेल, पण कोड एडिटर अधिक चांगला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी बनवलेला हा साधा मजकूर-संपादक ओळींना क्रमांक देतो आणि भाषेतले निरनिराळे शब्द रंगवून दाखवतो; मात्र हे रंग केवळ पडद्यावर असतात, फाइलीत त्यांतले काही जात नाही. २००३ सालचा नोटपॅड प्लस प्लस आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे दोन्ही विनामूल्य आहेत. यांतला दुसरा बसवताना उजव्या कळीच्या यादीत ओळ घालण्याविषयी दोन चौकटी येतात, एक फाइलींसाठी व एक फोल्डरांसाठी. बहुतेक जण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत पुढे जातात आणि त्या तशाच कोऱ्या राहतात. ती ओळ आता हाताने घालू. तसे केल्याने ती कशी काम करते तेही कळते.

क्रियापदांची ही सारी कोष्टके विंडोज ‘रजिस्ट्री’ नावाच्या भांडारात ठेवते. विंडोजची कळ व आर हे अक्षर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘रेजएडिट’ हे नाव रोमन लिपीत लिहा आणि एंटर दाबा. डावीकडे कप्प्यांत कप्पे असलेली एक रचना दिसेल. तिच्या पाच मुख्य शाखा आहेत. आपल्याला हवी ती, जिच्या नावात ‘करंट युजर’ हे शब्द आहेत. ही शाखा फक्त सध्याच्या वापरकर्त्याची असल्याने तिच्यात केलेला बदल इतरांना लागू होत नाही आणि त्यासाठी सर्वाधिकारही लागत नाहीत. (काही शाळांत संगणकाची व्यवस्था पाहणारे रजिस्ट्री बंदच करून ठेवतात, तसे असेल तर त्यांना विचारूनच पुढे जावे.) आत ‘सॉफ्टवेअर’ आणि त्याच्या आत ‘क्लासेस’ हा कप्पा उघडा. हात लावण्यापूर्वी ‘फाइल’ यादीतील ‘एक्सपोर्ट’ने या कप्प्याची प्रत काढून ठेवा. रजिस्ट्रीत ‘अनडू’ नाही.

‘क्लासेस’मध्ये फाइलींच्या प्रकारांच्या नावाचे कप्पे असतात. आपल्याला सर्व प्रकार हवे आहेत, म्हणून कप्प्याचे नाव असेल नुसती तारका : *. तो नसेल तर ‘क्लासेस’वर उजवी टिचकी मारून ‘न्यू’ व ‘की’ निवडा आणि नवा कप्पा तयार करा. त्याच रीतीने तारकेच्या आत ‘शेल’ नावाचा कप्पा आणि त्याच्या आत आपल्या क्रियापदाचा कप्पा करा. या शेवटच्या कप्प्याचे नाव काहीही ठेवा. तो निवडला की उजवीकडे ‘डिफॉल्ट’ अशी एक ओळ दिसते. तिच्यावर डबल क्लिक करून जे लिहाल तेच यादीत दिसेल. येथे मराठी चालते. आम्ही ‘मजकूर म्हणून उघडा’ असे लिहितो.

हे झाले क्रियापदाचे नाव. अर्थ अजून द्यायचा आहे. आपल्या क्रियापदाच्या कप्प्यात ‘कमांड’ नावाचा आणखी एक कप्पा करा आणि त्याच्या ‘डिफॉल्ट’ ओळीत आज्ञा लिहा. आज्ञेचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे एडिटरचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता, दुहेरी अवतरणचिन्हांत. तो पाठ असण्याची गरज नाही : एडिटरच्या शॉर्टकटवर उजवी टिचकी मारा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’च्या रकान्यातून तो उतरवून घ्या. मग एक मोकळी जागा सोडून दुसरा भाग : "%१". टक्क्यापुढचा हा एक आकडा इंग्रजी कळफलकावरचाच हवा. ज्या फाइलीवर आपण टिचकी मारू तिचा संपूर्ण पत्ता विंडोज ऐन वेळी या %१ च्या जागी भरते. बीजगणितात ‘क्ष’ची किंमत भरतो तसेच हे आहे. आठवी-नववीच्या मुलांना ‘चल’ ही कल्पना शिकवताना हे उदाहरण जरूर वापरून पाहावे. येथे क्षची किंमत संख्या नसून एक पत्ता आहे, एवढाच फरक.

अवतरणचिन्हे का, हा प्रश्न विचारला जाईलच. आज्ञेतल्या मोकळ्या जागेचा अर्थ संगणक ‘एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली’ असा घेतो. फाइलीचे नाव ‘पाठ दुसरा’ असे असेल आणि अवतरणे नसतील तर एडिटरला वाटते आपल्याला दोन फाइली उघडायच्या आहेत, एक ‘पाठ’ नावाची आणि दुसरी ‘दुसरा’ नावाची. त्या नसतातच. अवतरणे म्हणजे ‘हे सगळे मिळून एक’ अशी खूण. यादीत ओळ दिसते पण फाइल उघडत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम अवतरणे तपासावीत.

इतके झाले की संगणक पुन्हा सुरू न करताच कोणत्याही फाइलीवर उजवी टिचकी मारून पाहा. विंडोज १० मध्ये आपली ओळ लगेच दिसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये मात्र ती प्रथम दिसणार नाही. ‘शो मोअर ऑप्शन्स’वर टिचकी मारल्यावर किंवा शिफ्ट व एफ१० या कळा दाबल्यावर जी जुनी लांब यादी येते तिच्यात ती असते. वर्षानुवर्षे प्रत्येक प्रोग्रॅम आपापली ओळ घुसवीत गेल्याने यादी अजागळ झाली होती, हे खरे. म्हणून विंडोज ११ मध्ये पहिल्या छोट्या यादीचे दार अर्ध्यावर लावून घेतले आहे आणि साध्या रजिस्ट्री-नोंदीने त्यातून आत जाता येत नाही. आमच्यासारख्यांना ती एक जादा टिचकी खटकते.

लहान वर्गासाठी ही ओळ सदैव समोर नको असेल, तर क्रियापदाच्या कप्प्यात ‘एक्स्टेंडेड’ या नावाची एक रिकामी अक्षरनोंद करा. मग शिफ्ट दाबून धरून उजवी टिचकी मारली तरच ती दिसते. आणि एका वेळी पंधरापेक्षा अधिक फाइली निवडल्या तर ओळ गायब होते, हा बिघाड नव्हे. पंधरापुढे अशी क्रियापदे विंडोज आपण होऊन लपवते.

आता या नव्या ओळीचा खरा आनंद. तिच्या साहाय्याने निरनिराळ्या फाइली नुसत्या उघडून पाहा, काही बदलू नका आणि ‘सेव्ह’ तर मुळीच करू नका. चित्राच्या पीएनजी फाइलीत बहुतेक सगळी अगम्य चिन्हे दिसतील, पण सुरुवातीलाच पी, एन, जी ही तीन अक्षरे सापडतील. पीडीएफ फाइल टक्क्याचे चिन्ह व पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. विंडोजमधील प्रोग्रॅमच्या, म्हणजे ईएक्सई शेपटाच्या फाइलीत पहिली दोन अक्षरे एम व झेड असतात. मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची ती आद्याक्षरे. वर्डची डीओसीएक्स फाइल पी व के या अक्षरांनी सुरू होते आणि कोणतीही झिप फाइलही तशीच. ही झिप पद्धत बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरे. म्हणजे वर्डची फाइल ही आतून एक झिप फाइल आहे! खात्री करायची तर तिची एक प्रत काढून प्रतीचे शेपूट झिप असे करा आणि उघडा. आत अनेक फोल्डरे व फाइली निघतील, आणि ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरातील एका फाइलीत आपला सगळा मजकूर असेल.

तेव्हा फाइलीची ओळख दोन ठिकाणी असू शकते : नावाच्या शेपटात आणि आतल्या पहिल्या काही बाइटांत. विंडोज शेपटावर विसंबते. लिनक्समध्ये ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा आहे. ती शेपूट न पाहता आतले बाइट वाचून हे काय आहे ते सांगते. शिवाय लिनक्समध्ये वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी प्रत्येक फाइलीवर वेगवेगळी नोंदलेली असते. चालवण्याची परवानगी नसलेली आज्ञावली, नाव काहीही असले तरी, थेट चालवता येत नाही. वाचणे आणि चालवणे यांतला भेद तेथे खुद्द फाइलीच्या नोंदीत आहे आणि आम्हांला ती रचना अधिक समंजस वाटते.

‘मजकूर म्हणून उघडा’ ही ओळ हाताशी आली, म्हणजे संशयास्पद फाइली बेधडक हाताळायला हरकत नाही, असे मात्र समजू नये. यादीत ‘उघडा’ आणि आपली ओळ यांच्यात काही मिलिमीटरांचेच अंतर असते. अनोळखी ई-मेलची फाइल न उतरवणे हेच बरे.

ही सोय प्रयोगशाळेतल्या दहा संगणकांवर हवी असेल तर दहा वेळा कप्पे करीत बसण्याची गरज नाही. आपल्या क्रियापदाचा कप्पा निवडून ‘एक्सपोर्ट’ केला, की आरईजी शेपटाची एक फाइल मिळते. ती दुसऱ्या संगणकावर नेऊन डबल क्लिक केले, की विंडोज एकदा विचारते आणि सर्व नोंदी रजिस्ट्रीत मिसळून टाकते. येथेही ‘उघडणे’ म्हणजे वाचणे नव्हे, हे लक्षात आले असेल. म्हणून दुसऱ्याने दिलेली आरईजी फाइल आधी आपल्या नव्या ओळीनेच उघडून वाचावी. स्वतःच्या फाइलीतही एक गोष्ट तपासावी लागते. व्हिज्युअल स्टुडिओ कोड सहसा वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो. त्यामुळे त्याच्या पत्त्यात वापरकर्त्याचे नाव येते आणि ते प्रत्येक संगणकावर निराळे असू शकते. आरईजी फाइलीत तेवढा पत्ता बदलावा. तो लिहिताना पत्त्यातली प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा काढायची आणि आज्ञेतल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची, असा त्या फाइलीचा नियम आहे. पुढे कधी ही ओळ नकोशी झाली, तर तारकेच्या कप्प्यातल्या ‘शेल’मधला आपण केलेला कप्पा तेवढा पुसावा. पुढच्याच उजव्या टिचकीला ती यादीतून गेलेली असते.